लोणारचं सरोवर मोबाईलच्या कव्हरवर : छोट्या प्रिंटिंग व्यवसायाचा पूर्ण हिशोब

मोबाईल कव्हर प्रिंटिंगचा व्हिडिओ आल्यापासून सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच : "सर, कव्हर तर गल्लीबोळात सगळेच विकतात, आपण वेगळं काय विकायचं?" प्रश्न बरोबर आहे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या कोणत्याही मोबाईल मार्केटमध्ये एक चक्कर मारा. तेच कार्टून, तेच क्रिकेटपटू, तीच इंग्रजी वाक्यं. माल एक, होलसेलवाला एक, मग भावावरच मारामारी. दहा रुपये तुम्ही कमी केले की शेजारचा पंधरा करतो.

म्हणून आजच्या पाठात एक वेगळी लाईन घेऊ : आकाशातून दिसणाऱ्या आपल्याच भूमीचे फोटो छापलेली मजबूत कव्हर. लोणारचं गोल विवर, सह्याद्रीचे कडे, गोदावरीची वळणं, बालाघाटच्या पायऱ्या. ऐकायला छान वाटतं. पण छान वाटणं वेगळं आणि गल्ल्यात पैसा येणं वेगळं. फोटो कुठून आणायचा, तो छापायला पुरतो का, कायदा काय म्हणतो, एका कव्हरला खर्च किती आणि मशीन कधी घ्यायचं, हे सगळं क्रमाने बघू. वही-पेन घेऊन बसा, आज आकडेमोड आहे.

१. ही कल्पना चालते का?

कल्पना नवीन नाही. पिक्सेल फोनच्या सुरुवातीच्या काळात गुगलने 'लाइव्ह केस' नावाची कव्हर विकली होती. त्यात पृथ्वीच्या उपग्रहचित्रांची कव्हरही होती आणि कव्हरला जुळणारा वॉलपेपर फोनवर यायचा. म्हणजे कव्हर एकटं विकलं नाही, त्याच्यासोबत अनुभव विकला. हा मुद्दा लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपला ग्राहक कोण? तीन गट डोळ्यासमोर ठेवा.

पहिला गट विद्यार्थ्यांचा. लातूरला बाहेरगावाहून शिकायला आलेली हजारो मुलं-मुली हॉस्टेलवर राहतात. त्यांना आपल्या भागाची ओळख मिरवायला आवडते, आणि भूगोल तर अभ्यासातच असतो.

दुसरा गट फिरणाऱ्यांचा : ट्रेकिंग ग्रुप, बाईक रायडर, किल्ले बघणारे. ज्या कड्यावर स्वतः उभं राहिलो तोच कडा कव्हरवर असेल, तर हा माणूस शंभर रुपये जास्त देताना कुरकुर करत नाही.

तिसरा गट भेट देणाऱ्यांचा : शाळेचा भूगोल विभाग, एखादी संस्था, निवृत्तीच्या कार्यक्रमाचे आयोजक. हे एकदम वीस-पंचवीस नग घेतात.

लक्षात घ्या, चौथा गटही येणार : "दादा, रेडमीचं कव्हर दाखवा, पन्नास रुपयांत बसवा." तो आपला ग्राहक नाही. त्याला साधं कव्हर द्या, दुकानातून रिकामा पाठवू नका. पण त्याच्यासाठी या मालाचा भाव पाडू नका.

२. कोणतं ठिकाण निवडायचं?

मराठवाडा आणि जवळपास एवढं भांडार आहे की परदेशाचे फोटो शोधायची गरजच नाही. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला, आणि आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. थर झिजत गेले तशा डोंगरांना पायऱ्या पडल्या. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. आपल्या शेतातली काळी माती याच दगडाची. ही गोष्ट ग्राहकाला दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे, कारण तुम्ही प्लॅस्टिक विकत नाही, गोष्ट विकताय.

लोणार : बुलढाणा जिल्ह्यात, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आत खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आला. आकार गोल, कडा ठळक. डिझाईन म्हणून एक नंबर.

निघोजचे रांजणखळगे : पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे फिरून फिरून बेसॉल्टला रांजणासारखे खड्डे पडलेत. वरून बघितलं तर एखादा चित्रकार बसून कोरून गेला असं वाटतं.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा : अर्धगोल, आत वळलेला कडा. ट्रेकिंगवाल्यांना नाव सांगायचीही गरज नाही.

सहस्रकुंड : नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगेचा धबधबा. काळ्या खडकावरून पाणी अनेक धारांनी पडतं. नांदेडच्या दुकानदारासाठी हे घरचं उत्पादन.

गोदावरी, मांजरा आणि बालाघाट : नद्यांची वळणं आणि पठाराच्या कडा. ही मोठी दृश्यं आहेत, उपग्रहाच्या चित्रात छान बसतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातली भूगर्भाची सगळ्यात मोठी घटना म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्यात घरंच्या घरं गेली, ती माणसं आजही आपल्या आजूबाजूला राहतात. त्या जागेचं चित्र 'डिझाईन' म्हणून विकायचं नाही. कायदा अडवणार नाही, पण दुकान चालतं ते गावाच्या मनावर. दुःख विक्रीला ठेवायचं नसतं.

३. फोटो पुरतो का? इथे नव्वद टक्के लोक अडकतात

आता खरा अभ्यास. साधारण मोठ्या फोनचं कव्हर ७५ मिलिमीटर रुंद आणि १६० मिलिमीटर उंच धरू. छापताना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र लागतं, म्हणजे ८१ गुणिले १६६. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हिशोब केला की चित्र किमान ९५७ गुणिले १९६१ पिक्सेलचं हवं. आजच्या कोणत्याही कॅमेऱ्याला हे सहज जमतं.

पण उपग्रहाचं तसं नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे १८०० मीटर. भागिले १०, तर १८० पिक्सेल. आता १८० पिक्सेल ३०० च्या हिशोबाने छापले तर विवर किती मोठं येईल? अवघं दीड सेंटीमीटर! रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. अमेरिकेच्या लँडसॅटचं सर्वात बारीक चित्र १५ मीटरचं. त्यात लोणार एक सेंटीमीटरचं होईल.

"मग सॉफ्टवेअरने मोठं करू की सर!" मोठं होतं, पण तपशील वाढत नाही, चित्र पुसट होतं. आणि एआयने मोठं केलं तर ते नसलेली झाडं आणि नसलेले खडक मनाने भरतं. ग्राहकाला 'हे खरं लोणार' म्हणून देणार असाल तर हे चालणार नाही.

उलट हिशोब करा. ९५७ गुणिले १९६१ पिक्सेल, प्रत्येकी १० मीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ किलोमीटर रुंद आणि साडेएकोणीस किलोमीटर लांब भूभाग कव्हरवर नीट बसतो. एवढ्या पट्ट्यात काय छान दिसतं? गोदावरीची वळणं, मांजरेचा नागमोडी प्रवाह, बालाघाटच्या पायऱ्या, सह्याद्रीची कड जिथे पठार संपून कोकण सुरू होतं. म्हणजे नियम सोपा : मोठं दृश्य असेल तर फुकटचा उपग्रह, छोटं दृश्य असेल तर ड्रोन किंवा कॅमेरा.

मग लोणारचं काय? ड्रोनचंही गणित करून बघा. नियमाने मोकळ्या क्षेत्रात ड्रोन ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत उडवता येतो. नेहमीच्या ड्रोन कॅमेऱ्यातून त्या उंचीवरून सरळ खाली बघितलं तर साधारण १८० मीटर रुंदीची जमीन दिसते. विवर १८०० मीटरचं. म्हणजे अख्खं गोल विवर वरून एका फोटोत येणं शक्यच नाही. काठावरून तिरका फोटो घ्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तो जास्त सुंदर दिसतो, कारण त्यात खोली कळते. पूर्ण गोल हवाच असेल तर उपग्रह चित्रात विवर लहान ठेवून आजूबाजूच्या शेतांचे चौकोन दाखवा. हिरव्या-तपकिरी गोधडीवर एक गोल बटण, असं ते डिझाईन होतं.

निघोजचं गणित मात्र जुळतं. रांजणखळगे लहान आहेत, कमी उंचीवरून घेतलेला एक चांगला फोटो पुरतो.

अजून दोन टिपा. उपग्रहाचं चित्र घेताना तारीख बघा. पावसाळ्यात ढग असतात. पाऊस गेल्यावरचं चित्र हिरवं येतं, एप्रिल-मेचं तपकिरी. तीच जागा, दोन ऋतू, दोन डिझाईन. आणि फोटोग्राफरकडून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मागवू नका, तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राईव्हवर घ्या.

४. फोटो कोणाचा? हक्काचा प्रश्न

"नेटवर होता, घेतला" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. भारताच्या कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. दोनशे रुपयांच्या कव्हरसाठी एवढी जोखीम कोण घेतो?

तर मग कायदेशीर मार्ग कोणते?

पहिला, सेंटिनेलची चित्रं. ती कोपर्निकस ब्राउझरवरून फुकट उतरवता येतात आणि व्यवसायासाठी वापरता येतात. अट एकच : बदल केलेलं चित्र वापरताना त्यात कोपर्निकस सेंटिनेलचा सुधारित डेटा आहे हे वर्षासह लिहायचं. पाकिटातल्या कार्डावर बारीक अक्षरात एक ओळ, काम झालं.

दुसरा, लँडसॅटची चित्रं. अर्थ एक्स्प्लोरर या संकेतस्थळावर मिळतात, वापर खुला आहे, श्रेय द्यावं अशी विनंती असते. नासाची चित्रंही साधारणपणे वापरता येतात, पण नासाचा लोगो छापायचा नाही आणि नासाने आपल्या मालाला पसंती दिली असा भास करायचा नाही. "नासा अप्रूव्हड कव्हर" असं लिहिलं की तुम्ही चुकलात.

तिसरा, गुगल अर्थ. इथे बरेच जण फसतात. स्क्रीनशॉट काढून विक्रीच्या वस्तूवर छापायला गुगलची परवानगी नाही. सोपं दिसतं म्हणून हा रस्ता धरू नका.

चौथा आणि माझ्या मते सर्वात चांगला मार्ग म्हणजे स्थानिक फोटोग्राफर. लग्नाचे ड्रोन शॉट घेणारी किती तरी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडे सुंदर फोटो पडून असतात. त्यांना सांगा, "भाऊ, फोटो तुझा, छपाई माझी, प्रत्येक विकलेल्या नगामागे दहा रुपये तुझे, आणि कार्डावर तुझं नाव." पण तोंडी नाही, लेखी. करारात पाच गोष्टी लिहा : कोणता फोटो, कोणत्या वस्तूवर छापणार, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात विक्री, आणि पैसे किती व कधी. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोघांकडे. मैत्री टिकवायची असेल तर कागद करा.

ड्रोनबद्दल : ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. नकाशात हिरवं, पिवळं आणि लाल क्षेत्र असतं, उडवण्याआधी ते बघायचं. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे, तिथे वन विभागाची परवानगी पाहिजे. संरक्षित मंदिरं आणि स्मारकांजवळ पुरातत्त्व खात्याची. फोटोग्राफरने परवानगी घेतली होती का, हे विचारूनच फोटो घ्या.

५. छपाईचे तीन रस्ते

टूडी सबलिमेशन : प्लॅस्टिकच्या कव्हरच्या पाठीला खाच असते, त्यात छापलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवतात. खास शाईने खास कागदावर उलटं चित्र छापायचं आणि हीट प्रेसखाली पत्र्यावर उतरवायचं. खर्च कमी, शिकायला दोन दिवस. कमतरता : कडेवर चित्र येत नाही.

थ्रीडी सबलिमेशन : लेप दिलेल्या कोऱ्या कव्हरवर कागद गुंडाळून व्हॅक्यूम मशीनमध्ये गरम करतात. कडेपर्यंत चित्र येतं, दिसायला भारी. पण प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा धातूचा साचा लागतो. मॉडेल वाढली की साच्यांचा खर्च वाढला.

यूव्ही प्रिंटिंग : शाई थेट कव्हरवर, मऊ कव्हरवरसुद्धा. पांढरी शाई असल्याने काळ्या कव्हरवरही रंग उठतात. थरावर थर देऊन डोंगर हाताला उंच लागेल असंही करता येतं, आणि आपल्या विषयाला हे एकदम शोभतं. पण मशीन लाखांत जातं. सुरुवातीला पुणे किंवा हैदराबादहून जॉबवर्क करून घेणं शहाणपणाचं.

मऊ टीपीयू कव्हर हीट प्रेसखाली घालू नका, ते वितळतं, वाकडं होतं. आणि सबलिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून पाया पांढराच हवा.

आपल्या चित्रांची खास अडचण रंगांची. बेसॉल्ट काळा, लोणारचं पाणी गडद हिरवं. स्क्रीनवर सुंदर दिसतं, छापल्यावर सगळं काळवंडतं. म्हणून छापण्याआधी उजेड थोडा वाढवा आणि एक चाचणी प्रिंट दिवसाच्या उजेडात बघा. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. हल्लीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याची चौकट वरचा बराच भाग खाते. मुख्य आकृती खालच्या दोन तृतीयांश भागात ठेवा. लोणारचं विवर बरोबर कॅमेऱ्याच्या भोकाखाली गेलं तर ग्राहक हसेल.

६. 'मजबूत' म्हणताना जपून

कव्हरचं पहिलं काम फोन वाचवणं. चित्र छान आणि कोपरे कच्चे असतील तर एकदा फोन पडला की तुमचं नाव खराब. कोरा माल घेताना तीन गोष्टी हाताने तपासा : कोपऱ्यांत मऊ जाड उशी आहे का, स्क्रीनच्या वर कड येते का, कॅमेऱ्याभोवती उंच कडं आहे का. टूडी घेत असाल तर मऊ किनार आणि कडक पाठ असलेलं कव्हर घ्या.

"मिलिटरी ग्रेड" हे शब्द सर्रास छापले जातात. त्यामागे मिल-एसटीडी-८१० नावाची चाचण्यांची पद्धत आहे, सैन्याने दिलेलं सर्टिफिकेट नाही. चाचणीचा कागद नसेल तर हे शब्द छापू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला माफ करत नाही. "कोपऱ्यांना उशी, कॅमेऱ्याला कडं" एवढं खरं लिहा, ते पुरेसं आहे.

७. आता पैशाचा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या होलसेलवाल्याचे भाव टाकून स्वतः परत मांडा.

एका टूडी कव्हरला : कोरं कव्हर आणि पत्रा ५५, कागद आणि शाई ५, मजुरी आणि वीज १५. झाले ७५. त्यात कार्ड आणि पाकीट १०, फोटोग्राफरचा वाटा १०. एकूण ९५.

थांबा, वाया जाणारा माल कोण धरणार? समजा १०० छापले आणि ८ बिघडले. छपाईपर्यंतचा खर्च ७५ गुणिले १०० म्हणजे ७५००. चांगले निघाले ९२. म्हणजे एकाला ८१ रुपये ५० पैसे. अधिक कार्ड-पाकीट आणि वाटा २०. खरा खर्च १०१ रुपये ५० पैसे. ही साडेसहा रुपयांची गळती वहीत दिसत नाही, पण वर्षाच्या शेवटी खिशात दिसते.

काउंटरवर २४९ ला विकलं तर एका नगाला १४७ रुपये ५० पैसे सुटतात. दुसऱ्या दुकानदाराला १५० ला दिलं तर फक्त ४८ रुपये ५० पैसे.

प्रिंटर आणि प्रेस मिळून ४५ हजार धरू, दोन वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला १८७५. जाहिरात आणि किरकोळ २०००. महिन्याचा ठरलेला खर्च ३८७५. काउंटरवर विकून तो भागवायला २७ नग लागतात. दुकानदारांमार्फत ८० नग. बघितलं? एकच माल, पण कुठे विकता त्यावर मेहनत तिप्पट होते. म्हणून सुरुवातीला होलसेलच्या मागे लागू नका, स्वतःच्या काउंटरवर आणि थेट ऑर्डरवर भर द्या.

८. पैसा अडकतो तो मॉडेलमध्ये

या धंद्यात माणूस बुडतो तो भावामुळे नाही, पडून राहिलेल्या मालामुळे. ६ डिझाईन, १५ मॉडेल, प्रत्येकी ३ नग म्हणजे २७० कव्हर. १०० च्या हिशोबाने २७ हजार रुपये कपाटात. सहा महिन्यांत नवीन मॉडेल आलं की त्यातली निम्मी कोणी विचारत नाही.

उपाय काय? छापलेला माल ठेवायचाच नाही. कोरा माल ठेवायचा, तोही मोजक्या मॉडेलचा. पंधरा दिवस काउंटरवर वही ठेवा आणि कोणत्या मॉडेलचं कव्हर किती जणांनी मागितलं याच्या रेघा ओढा. जास्त रेघांची आठ मॉडेल निवडा. भिंतीवर सहा डिझाईनचे नमुने लावा. ग्राहकाने पसंत केलं की छापून द्या. डिझाईन कितीही, कोरा माल मोजका, हे सूत्र पाठ करा.

९. काउंटरवर बोलायचं कसं?

"ताई, हे बघा. हे लोणार. उल्का पडून झालेला खड्डा, पावणेदोन किलोमीटरपेक्षा मोठा." एवढंच. मग गप्प बसा आणि कव्हर हातात द्या. ताई विचारतील, "अय्या, हे आपल्या महाराष्ट्रातलं?" विक्री तिथेच अर्धी झाली.

पाकिटात एक छोटं कार्ड ठेवा : जागेचं नाव, जिल्हा, तीन ओळींची माहिती, फोटोग्राफरचं नाव, चित्राचं श्रेय आणि एक क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की त्याच चित्राचा वॉलपेपर फुकट. पुढे कव्हर, मागे वॉलपेपर, तोच अनुभवाचा मुद्दा. कार्डावरची माहिती तपासून लिहा. लोणारचं वयच घ्या. जुने अंदाज ५० हजार वर्षांच्या आसपासचे, तर नंतरच्या आर्गन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. अशा ठिकाणी एकच आकडा ठोकून देऊ नका. तुमचा ग्राहक भूगोलाचा शिक्षक असू शकतो!

१०. कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीत फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे सूट आहे, पण राज्याबाहेर माल पाठवला की नोंदणी लागते. ऑनलाईन विक्री सुरू करण्याआधी सीएला अर्धा तास विचारा. बंद पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर हवा. भांडवल कमी असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण कर्ज मशीनसाठी घ्या, पडून राहणाऱ्या मालासाठी नाही.

गृहपाठ

पुढच्या तीस दिवसांत मशीन घ्यायचं नाही. हो, बरोबर वाचलंत. पहिला आठवडा : मॉडेलच्या रेघा आणि तीन ठिकाणांची निवड. दुसरा आठवडा : एक उपग्रह चित्र आणि एक फोटोग्राफरशी लेखी करार. तिसरा आठवडा : जॉबवर्कवर दहा नमुने छापून घ्या. नफा कमी राहील, चालेल. चौथा आठवडा : नमुने दाखवून ऑर्डर घ्या, आणि ऑर्डर म्हणजे आगाऊ पैसे दिलेली ऑर्डर. "छान आहे" म्हणणारे मोजायचे नाहीत.

महिन्याच्या शेवटी २७ च्या वर ऑर्डर आल्या तर मशीनचं कोटेशन मागवा. दहाच्या आत आल्या तर ठिकाण, चित्र किंवा भाव बदलून पुन्हा एक महिना करा. तुमचे नमुन्याचे पैसे गेले असतील, पण ४५ हजार वाचले. घरच्यांनी मोडून दिलेली एफडी असो की आईच्या पाटल्या, तो पैसा रेघा ओढून, हिशोब मांडूनच बाहेर काढायचा.

तुमच्या तालुक्यातलं असं कोणतं ठिकाण आहे जे वरून बघितलं तर कव्हरवर शोभेल? नाव आणि वरचं पिक्सेलचं गणित करून व्हिडिओखाली लिहा. पुढच्या पाठात हीट प्रेस घेताना काय तपासायचं ते बघू. तोपर्यंत हिशोब पक्का ठेवा, धंदा आपोआप पक्का होतो.